राजीखुशीने

तिसऱ्या रात्री फौजदार म्हणाले,
पाटीलबाई, सुरुवात कुठून करायची?
मी ओढ्यापलीकडं बोट केलं.

एवढंच. बोट.

तो माणूस विट्याच्या पेढीवर दोघांना मारून आला होता,
हे खरं होतं.
पहाटे धारेला निघालेल्या शिवगोंडा मगदूमला
मोटरसायकलीसाठी त्यानं पोटात गोळी घातली, हेही.
भिलवडीच्या पुलावर नाकाबंदी, डेअरी बंद, शाळा बंद,
रात्री लाईट आली तरी मोटार सुरू करायला कुणी जाईना.
ऊस कृष्णेपर्यंत उभा, बारा फूट,
वारा नसताना हलायचा.
मी पोलीस पाटील, उशाशी खुरपं घेऊन झोपायची
आणि लघवीला उठले की जावेला उठवायची.
मला भीती नव्हती असं म्हणणारा
त्या आठवड्यात आमच्या गावात कुणी नव्हता.

वरून ड्रोन फिरायचा.
पोरांनी पहिल्या दिवशी हात हलवले.
दुसऱ्या दिवसापासून बायकांनी
परसात न्हाणं सोडलं.

ओढ्यापलीकडं टोळी उतरली होती, बीडकडची, ऊसतोडीची.
फौजदारांनी वहीत लिहिलं: टोळी. कोयते चौदा.
साहेब, कोयता म्हणजे जोडपं, मी म्हणाले,
नवरा-बायको मिळून एक.
ते हसले.
शब्द वहीत तसाच राहिला.

कोपीला दार नसतं.
पहिल्या कोपीपुढं शिपाई थबकला,
ठोठावायला हात उचललेला,
आणि ठोठावायचं कशावर, कळेना त्याला.
कोवळा होता. मिसरूडही नीट नव्हतं.
मग मागून कुणीतरी पाचट ओढलं.

बॅटरीच्या उजेडात बाजरीच्या पिठाचा डबा उपडा झाला,
पत्र्याची पेटी, तिच्यातलं लग्नातलं लुगडं,
गोधडी.
गोधडी झटकायची म्हणून आईनं आधी
तिच्यातलं मूल उचललं.
ते झोपलेलंच राहिलं.

गहिनीनाथच्या गालावर व्रण होता.
वर्णनातला व्रण डावा की उजवा,
वायरलेसवर नीट ऐकू आलं नाही.
चौकशीपुरतं, म्हणाले, आणि गाडीत घेतला.
त्याची बायको सत्यभामा माझ्या पदराला धरून,
बाई, तुमची सही चालती ना तिथं?

चालते.
मी केली, पंचनाम्यावर.
‘झडती घरमालकाच्या राजीखुशीने घेतली.’
घरमालक. राजी. खुशी.
चौदा कोपी उलथ्यापालथ्या केल्या,
यातलं एकही तिथं मिळालं नसतं.

त्या रात्री चौकात गाडी उभी होती,
तिचा दिवा माझ्या भिंतीवर गरगरत होता,
आणि मला झोप लागली.
चार दिवसांत पहिल्यांदा. गाढ.
हे मी जावेलाही सांगितलेलं नाही.

गहिनीनाथ तिसऱ्या दिवशी परतला, तालुक्याहून, चालत.
चपला ठाण्यातच राहिल्या होत्या.
मी फोन करून विचारलं, नोंद किती वाजताची आहे?
कसली नोंद? म्हणाले.

तो माणूस सापडला नदीपलीकडं,
एका कुलूपबंद बंगल्यात.
तिथं आत शिरायला वरून कागद यावा लागला,
सकाळपर्यंत सगळे फाटकाबाहेर थांबले.
आता गावात हे हसून सांगतात.
मला हसू येत नाही. तो आमच्या ओढ्यापलीकडंही
असू शकला असता.
असता, तर मी हे लिहिलं असतं का?

मगदूमाचा पोरगा म्हणतो, काकी, बरोबरच केलंत तुम्ही.
त्याच्या बापाच्या पोटावर सत्तावीस टाके आहेत.
त्याच्याशी मी वाद घालत नाही.

यंदा टोळी पुन्हा आली, तीच.
गहिनीनाथनं कोपीला दार लावलंय:
पत्र्याचा तुकडा, बिजागरीच्या जागी सुतळी.
मतदार यादीचं काहीतरी विचारायला गेले होते.
ठोठावलं.
पत्रा केवढ्यानं तरी वाजला.
आतली भांडी थांबली. कुणी ‘या’ म्हणालं नाही,
‘कोण’ही नाही.

मी तिथंच उभी राहिले, बाहेर.